पाया बदलून पाहिला तर

३१ ही संख्या पाचच्या पायात लिहिली की १११ होते आणि दोनच्या पायात लिहिली की १११११. दोन्हीकडे नुसते एके. रोजच्या रूपात ३१ बघताना तिच्या अंगी असं काही असेल अशी शंकाही येत नाही.

पाया म्हणजे काय, ते आधी उरकून घेऊ. आपल्या दशमान पद्धतीत उजवीकडून एकक, दशक, शतक अशी घरं असतात आणि प्रत्येक घर आधीच्या घराच्या दहापट असतं. म्हणून पाया दहा. पाया पाच घेतला की घरं होतात एक, पाच, पंचवीस, एकशे पंचवीस; अंक उरतात फक्त ० ते ४. ३१ मध्ये एक पंचवीस, एक पाच आणि एक एकक आहे, म्हणून १११. तीनच्या पायात घरं १, ३, ९, २७ अशी जातात, म्हणून ३१ लिहायची १०११. रीत सोपी आहे: पायानं भागत जायचं आणि येणारी प्रत्येक बाकी उजवीकडून डावीकडे मांडत जायची. दहाहून मोठ्या पायात दहा, अकरा वगैरेंसाठी वेगळे अंक लागतात; संगणकवाले तिथे इंग्रजी अक्षरं वापरतात. या प्रकरणात मी ती वेळ येऊ दिलेली नाही.

दहा सोडून दुसरा पाया ही कल्पना आपल्याला परकी वाटते, पण ती तशी नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत रुपये-आणे-पै असा जमाखर्च लिहिणारा प्रत्येक माणूस एकाच ओळीत दहा, सोळा आणि बारा असे तीन पाये हाताळत होता. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया आणि पुढे रुपये मात्र दहाच्या हिशेबात. त्यात अवघड काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

आता मुद्द्याचं. १ हून मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कुणानंही भाग जात नाही, ती मूळ संख्या. या व्याख्येत अंकांचा कुठे उल्लेखच नाही. ३१ नाणी घ्या. दोन किंवा जास्त समान रांगांत, रांगेत किमान दोन येतील अशी, ती कधीच मांडता येणार नाहीत. ती मोजून कागदावर ३१ लिहिलं काय आणि १०११ लिहिलं काय, नाण्यांना त्याचा पत्ता नसतो. पाया कितीही विचित्र घेतला तरी यात फरक पडत नाही. अमेरिकेतल्या जॉर्ज बर्गमन या शाळकरी वयाच्या मुलानं १९५७ मध्ये चक्क सुवर्णगुणोत्तराचा, म्हणजे १.६१८… या अपरिमेय संख्येचा पाया घेऊन एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात ७ ही संख्या १००००.०००१ अशी लिहितात आणि ११ ही १०१०१.०१०१ अशी. पूर्ण संख्येला दशांशचिन्हासारखं चिन्ह लागलं, तरी ७ आणि ११ जिथल्या तिथे मूळच राहिल्या.

मग बदलतं काय? ओळखण्याच्या खुणा बदलतात. दशमानात ५ च्या पुढची कुठलीही मूळ संख्या १, ३, ७ किंवा ९ नंच संपते. सहाचा पाया घेतला तर ३ च्या पुढच्या साऱ्या मूळ संख्यांना शेवटी यायला १ आणि ५ एवढ्या दोनच जागा उरतात. बाबिलोनी लोकांच्या साठच्या पायात शेवटच्या अंकाचे साठ पर्याय असतात. त्यांतले फक्त सोळा मूळ संख्यांना चालतात. विषम पायात मात्र गंमत होते. सातच्या पायात १३ म्हणजे आपले दहा. शेवटी ३ असूनही संख्या सम! तिथे शेवटचा अंक काही सांगत नाही, अंकांची बेरीज सांगते. सातच्या पायातल्या अंकांची बेरीज करून तिला सहानं भागा. मूळ संख्या ३ हून मोठी असेल तर बाकी १ किंवा ५ च येते, कारण तेवढ्या एका बेरजेत २ आणि ३ या दोघांचीही चाचणी होऊन जाते. ३१ तिथे ४३ अशी लिहितात. बेरीज ७, बाकी १, ठीक. ५७ तिथे १११ होते. बेरीज ३, बाकी ३, म्हणजे ३ नं भाग जाणार. जातोच, १९ वेळा.

शेवटच्या अंकाचा विषय इथेच संपला असं जवळजवळ दोन शतकं वाटत होतं. डिरिक्लेनं १८३७ मध्ये दिलेल्या प्रमेयाच्या वाटेनं पुढे हे ठरलं की मूळ संख्या सर्व चालू शकणाऱ्या शेवटांमध्ये दूरवर सारख्याच वाटल्या जातात. तीनच्या पायात ३ सोडून बाकी मूळ संख्या १ नं किंवा २ नं संपतात, आणि दोन्ही गट निम्मे-निम्मे असतात. पण लागोपाठच्या दोन मूळ संख्यांचं काय? ५ पासून ३१ पर्यंतच्या मूळ संख्या तीनच्या पायात लिहून फक्त शेवटचा अंक ठेवला तर ओळ अशी दिसते: २, १, २, १, २, १, २, २, १. नाणं उडवून छापा-काटा लिहिला असता तर अशी आलटून-पालटून रांग आली असती का? स्टॅनफर्ड विद्यापीठातले कन्नन सुंदरराजन यांनी नेमकं तीनच्या पायातच हे तपासलं. हजाराच्या आतल्या मूळ संख्यांत १ नंतर पुन्हा १ येण्यापेक्षा २ येण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. रॉबर्ट लेम्के ऑलिव्हर यांच्यासह त्यांनी २०१६ मध्ये हे काम जाहीर केलं. दशमानातही तोच प्रकार आहे. पहिल्या एक अब्ज मूळ संख्यांत, ९ नं संपणाऱ्या संख्येनंतर पुन्हा ९ नं संपणारी येण्यापेक्षा १ नं संपणारी येण्याची शक्यता जवळजवळ ६५ टक्क्यांनी जास्त आहे. पुढे पुढे जाताना हा कल ओसरतो, पण इतका सावकाश की केवळ ‘९ वरून पुन्हा ९ वर यायला मधल्या जागा ओलांडाव्या लागतात’ एवढ्या कारणानं तो समजावता येत नाही. दोघांनी दिलेलं स्पष्टीकरण हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांच्या एका जुन्या, अजून सिद्ध न झालेल्या अटकळीवर उभं आहे. शेकडो वर्षं लोक मूळ संख्यांच्या याद्या दशमानात बघत होते. तिथे चार शेवटांच्या सोळा जोड्या होतात आणि हा कल गर्दीत हरवतो. तीनच्या पायात जोड्या फक्त चार, म्हणून तो पटकन डोळ्यांत भरतो.

आता त्या नुसत्या एक्यांकडे येऊ. १११ हे तीन अंक वेगवेगळ्या पायांत वाचून बघा. दोनच्या पायात ७, तीनच्या १३, चारच्या २१, पाचच्या ३१, सहाच्या ४३, सातच्या ५७, आठच्या ७३, नऊच्या ९१ आणि दहाच्या १११. यांत ७, १३, ३१, ४३, ७३ मूळ; बाकीच्या संयुक्त. अंक तेच, नशीब पायागणिक वेगळं.

एक नियम मात्र सगळ्या पायांना लागू आहे. एके किती हा आकडा संयुक्त असेल तर त्या एक्यांनी बनलेली संख्याही संयुक्तच असते. सहा एके घ्या: १११११ च्या पुढे आणखी एक. १११ × १००१ = ११११११. हा गुणाकार करताना कुठेही हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून तो दोनच्या पायातही खरा आणि नव्वदच्या पायातही खरा. तेव्हा मूळ संख्या हवी असेल तर एके मूळ संख्येइतकेच हवेत. तेवढंही पुरत नाही. दोनच्या पायात अकरा एके म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९.

दोनच्या पायातल्या या एक्यांच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरून. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली बावन्नावी मर्सेन मूळ संख्या दोनच्या पायात लिहायची तर १३,६२,७९,८४१ एके ओळीनं मांडावे लागतात. दशमानात तिला ४,१०,२४,३२० अंक लागतात आणि त्या अंकांत डोळ्यांना कसलीही शिस्त दिसत नाही. सर्वांत मोठ्या मूळ संख्येचा विक्रम बहुतेक वेळा याच जातीकडे असतो, याला व्यवहारी कारण आहे. दशमानात ९९ नं भागल्यावरची बाकी काढायला भागाकार करावा लागत नाही. दोन-दोन अंकांचे गट पाडून बेरीज केली की झालं. दोनच्या पायात नुसत्या एक्यांच्या संख्येनं भागतानाही हीच युक्ती चालते, आणि संगणक दोनच्याच पायात काम करतो. त्यामुळे एवढ्या अवाढव्य संख्येची चाचणी माणसाच्या हयातीत पुरी होते. दशमानातल्या एक्यांची स्थिती फार दरिद्री आहे. ११ मूळ, त्यानंतर थेट एकोणीस एके, मग तेवीस, मग ३१७. १०३१ एक्यांची संख्या मूळ आहे हे ह्यू विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी १९८६ मध्ये सिद्ध केलं.

आणि नऊचा पाया? तिथे नुसत्या एक्यांची मूळ संख्या एकही नाही. अजून सापडली नाही असं नव्हे. असूच शकत नाही. कारण नऊ हा वर्ग आहे. तीन एके घ्या. नऊच्या पायात त्यांची किंमत (७२९ − १) ÷ ८ = ९१. पण ७२९ म्हणजे २७ चा वर्ग, म्हणून ७२८ = २६ × २८. या दोन लागोपाठच्या सम संख्या. त्यांतल्या एकीला ४ नं भाग जातोच, दुसरीला २ नं तर जातोच, म्हणजे आठानं भागण्याचं काम दोघी आपसांत वाटून घेतात आणि उरतात १३ आणि ७. १३ × ७ = ९१. एके चार घ्या की चार हजार, हीच गोष्ट घडते: दोन अवयव उरतात आणि दोन्ही १ हून मोठे असतात. चारचा पायाही वर्ग आहे, पण तिथे एक फट राहते. ११ म्हणजे ५, ती मूळ. त्यानंतर दार कायमचं बंद. ज्या पायात हिशेब करायला कुणी बसणार नाही, तिथे अनंत प्रश्नांचं उत्तर चार ओळींत मिळतं आणि ज्या दहाच्या पायात आपण जन्म काढतो, तिथे नुसत्या एक्यांच्या मूळ संख्या अनंत आहेत का हे कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

सुरुवातीला ३१ चं दुहेरी रूप सांगितलं. असे जुळे किती? अट अशी घालू की दोन वेगळ्या पायांत नुसते एके यावेत आणि दोन्हीकडे ते किमान तीन असावेत. दुसरं उदाहरण ८१९१. दोनच्या पायात तेरा एके. आणि नव्वदच्या पायात १११, कारण ८१०० + ९० + १. याही खेपेला संख्या मूळ आहे. या दोनच, तिसरी नाही, अशी अटकळ रेने गोर्माख्तिग या बेल्जियन अभियंत्यानं १९१७ मध्ये मांडली. शंभरहून अधिक वर्षं झाली. तिसरी सापडलेली नाही आणि ती नाहीच हे सिद्धही झालेलं नाही.

यापुढची गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत जास्त आवडते. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलट वाचलं तरी तेच राहतं. संख्यांतही १२२१, ३४५४३ अशा असतात. त्यांना इथे सममित म्हणू. दशमानात सममित असणं हा निव्वळ योगायोग. पण एखादी संख्या कुठल्या तरी पायात सममित आहे का, असा प्रश्न विचारला की विषयाला धार येते. एक पळवाट आधी बंद करायला हवी: कुठलीही संख्या स्वतःहून एकानं लहान पायात ११ अशीच दिसते. ३१ तिसाच्या पायात ११, ९१ नव्वदच्या पायात ११. हे फुकटचं सममितपण धरायचं नाही. म्हणजे पाया २ पासून संख्येहून दोननं कमी इथपर्यंत.

आता ९१ घ्या. ती ७ × १३. मोठ्या अवयवातून एक वजा करा: १२. बाराच्या पायात ९१ म्हणजे सात बारं चौऱ्याऐंशी आणि वर सात, म्हणजेच ७७. सममित! १५ = ३ × ५, म्हणून चारच्या पायात ३३. १०० चं काय? निम्मे ५०, त्यातून एक गेला ४९. एकोणपन्नासच्या पायात २२. दोन वेगळ्या अवयवांत संख्या फोडता आली की ही युक्ती लागू पडते. फक्त लहान अवयव नव्या पायाहून लहान हवा, म्हणजे तो अंक म्हणून वापरता येतो. विषम संयुक्त संख्येचे अवयव विषम असतात, त्यामुळे वेगळे असले तर त्यांच्यात किमान दोनचं अंतर असतं आणि अट आपोआप पाळली जाते. सम संख्येला निम्म्याची वाट आहेच. अडचण उरते ती विषम मूळ संख्येच्या वर्गाची. ४९ = ७ × ७; सहाच्या पायात ७ हा अंकच नाही. पण तिथे हातचे घेऊन ४९ होते १२१, आणि तीही सममित. ७ च्या जागी ५ घ्या, ११ घ्या, वर्ग त्याच्या अलीकडच्या पायात १२१ च दिसणार. एकटी ९ राहिली. ती दोनच्या पायात १००१. झालं. ६ च्या पुढची प्रत्येक संयुक्त संख्या कुठल्या ना कुठल्या पायात सममित असतेच.

हे उलटं वाचा. ६ च्या पुढची एखादी संख्या कुठल्याच पायात सममित होत नसेल, तर ती मूळ असायलाच हवी. अशा संख्या आहेत. १९ घ्या. सगळे पाये तपासायची गरज नाही, कारण सममित संख्येतल्या अंकांची संख्या सम असेल तर तिला पाया अधिक एक यानं भाग जातो. दशमानात १२२१ ला आणि ४७७४ ला ११ नं जातो तसा. म्हणून मूळ संख्या दोन अंकी किंवा चार अंकी रूपात सममित असूच शकत नाही, ते फुकटचं ११ सोडून. १९ ही पाचपासून पुढच्या पायांत दोन अंकी होते, तिथे बघायचंच नाही. राहिले तीन पाये: दोनच्या पायात १००११, तीनच्या २०१, चारच्या १०३. उलटी वाचल्यावर एकही तीच राहत नाही. १९ कुठल्याच आरशात बसत नाही. शंभराच्या आत ६ च्या पुढे अशा पाच आहेत: ११, १९, ४७, ५३ आणि ७९. त्यानंतर १०३, तिच्यासाठी २ ते १० एवढेच पाये तपासावे लागतात, कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांचं काम. सगळ्या मूळ संख्या अशा नसतात हेही लक्षात असू द्या. ३१ तर दोन पायांत सममित आहे. पण जी आहे ती मूळच, याची खात्री अंकांच्या नुसत्या दिसण्यावरून मिळते. अंकांचे खेळ आणि खरं अंकगणित यांची अशी गाठ क्वचित पडते.

अंकांच्या खेळांचा विषय निघाला की आपल्याकडे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं नाव येणारच. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता या माणसानं अंकांत आयुष्य घालवलं. १, १२१, १२३२१ ज्यांच्यात येतात त्या त्यांच्या ‘डेमलो’ संख्यांना नाव मिळालं ते डोंबिवली स्टेशनावरून. त्यांनीच स्वयंभू संख्या मांडल्या. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: ८४ मध्ये १२ मिळवले की ९६, ८५ मध्ये १३ मिळवले की ९८. मधली ९७ कुणापासूनच जन्मत नाही. ती स्वयंभू, आणि मूळही. मग बाराच्या पायात? तिथे ९७ लिहायची ८१, आणि ७३ मध्ये (म्हणजे आपल्या ८७ मध्ये) अंकांची बेरीज १० मिळवली की ती मिळते. स्वयंभूपण गेलं. दोनच्या पायात बघितलं तर ९१ ते ९६ यांतली एकही संख्या तिला जन्म देत नाही. तिथे ती पुन्हा स्वयंभू.

अशा गोष्टींना गणित म्हणायचं का, यावर जी. एच. हार्डी यांचं मत कडक होतं. १९४० मध्ये त्यांनी ९८०१ आणि ८७१२ यांचं उदाहरण दिलं. चार अंकी संख्यांत उलट केलेल्या संख्येच्या पटीत असणाऱ्या या दोनच (९८०१ = ९ × १०८९), आणि गणितज्ञाला आवडावं असं त्यांत काही नाही, असा त्यांचा निवाडा. मला वाटतं, हार्डी इथे घाईत होते. आठच्या पायात १०६७ ला ७ नं गुणा, उत्तर ७६०१. नियम कुठल्याही पायाला लागू आहे: पहिले अंक १ आणि ०, पुढचे पायाहून दोननं आणि एकानं कमी. ९८०१ दिसते तेवढी दहाच्या मेहेरबानीवर जगत नाही. कापरेकरांची दखल मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात घेतली, त्यानंतर स्वयंभू संख्यांचा अभ्यास जगभर होऊ लागला, आणि तो केवळ दहाच्या पायापुरता राहिला नाही.

पायाचं बंधन काढून टाकलं की फुटकळ वाटणारे प्रश्न कसे भारदस्त होतात, याचा आणखी एक नमुना. २९४००१ ही मूळ संख्या आहे. तिचा कुठलाही एकच अंक बदला, कुठल्याही अंकानं बदला. नवी संख्या मूळ असत नाही. दशमानातली अशी ही सर्वांत लहान. दोनच्या पायात हा मान १२७ कडे जातो. ती म्हणजे सात एके, आणि एकेक एका पुसून शून्य केला की मिळतात १२६, १२५, १२३, ११९, १११, ९५, ६३, सगळ्या संयुक्त. अशा मूळ संख्या अनंत आहेत हे पॉल एर्डिश यांनी १९७९ मध्ये दाखवलं. २०११ मध्ये टेरेन्स टाओ यांनी सिद्ध केलं की पाया कुठलाही घ्या, मूळ संख्यांचा एक ठरावीक हिस्सा, शून्य नसलेला हिस्सा, असाच नाजूक असतो.

शेवटी एक प्रमेय, ज्यात अंक आणि अवयव एकमेकांत थेट गुंततात. मूळ संख्येचे अंक उचला आणि ते बहुपदीचे सहगुणक करा. ३१ साठी दशमानात मिळते ३x + १, चारच्या पायात (१३३) x² + ३x + ३, तीनच्या पायात (१०११) x³ + x + १, दोनच्या पायात x⁴ + x³ + x² + x + १. यांतली एकही बहुपदी पूर्णांक सहगुणकांच्या लहान बहुपदींत फोडता येत नाही. पोल्या आणि सेगो यांच्या १९२५ च्या प्रश्नसंग्रहात दशमानापुरतं हे ए. कोन यांच्या नावे दिलेलं आहे. जॉन ब्रिलहार्ट, मायकेल फिलासेटा आणि अँड्र्यू ओड्लिझ्को यांनी १९८१ मध्ये ते कुठल्याही पायाला लागू असल्याचं दाखवलं. याउलट १३२ बघा: x² + ३x + २ म्हणजे (x + १)(x + २), आणि १३२ = ११ × १२.

उलट दिशेनं मात्र खात्री नाही. x² + x + ४ फुटत नाही, तरी ११४ हे अंक कुठल्याही पायात सम संख्याच देतात. पाया b धरला तर b² + b नेहमी सम असतो. आणि x² + १, म्हणजे १०१ हे अंक? दोनच्या पायात ५, चारच्या १७, सहाच्या ३७, दहाच्या १०१, चौदाच्या १९७, सोळाच्या २५७, विसाच्या ४०१: सगळ्या मूळ. आठच्या पायात ६५ आणि बाराच्या पायात १४५, या नाहीत. १०१ हे अंक अनंत पायांत मूळ संख्या देतात का? एडमुंड लांडाउ यांनी १९१२ च्या केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत मूळ संख्यांविषयीचे जे चार प्रश्न आजच्या गणिताच्या आवाक्याबाहेरचे म्हणून सांगितले, त्यांत हा होता. चारही अजून तसेच आहेत. यातलं सर्वांत जवळचं पाऊल हेन्रिक इवानिएक यांचं, १९७८ चं: अनंत पाये असे आहेत, ज्यांत १०१ चे मूळ अवयव फार तर दोन असतात.